गेला की रे परत

मंगळवारी संध्याकाळी सव्वासातला आईचा फोन आला. मी हिंजवडीहून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, वाकडच्या पुलाजवळ अडकलेला. बाहेर पाऊस, आत काचांवर सगळ्यांच्या श्वासाची वाफ. आईने हॅलो वगैरे काही म्हटलं नाही. “गेला की रे परत,” एवढंच. कोण गेला हे विचारायची गरज नव्हती. सांगलीच्या घरात महिनाभर एकच जण जात होता आणि बटण दाबलं की परत येत होता, तो म्हणजे हॉलमधला कॉम्प्युटर. आई दिवाळी अंकासाठी शब्दकोडं रचत होती. सतरा आडवा चार दिवस बसत नव्हता, तो त्या संध्याकाळी बसला होता, त्याच्या आधाराने खालचे तीन उभेही जमले होते, आणि एक्सेलची ती सगळी चौकट डोळ्यांदेखत काळी झाली. एक्सेल दर दहा मिनिटांनी आपण होऊन एक प्रत ठेवतं हे मी तिला सांगितलेलं होतं. पण सतरा आडवा सुचला तो दहा मिनिटांच्या मधल्या फटीत.

मी दमलेलो होतो, हे काही कारण नव्हे. मी म्हणालो, “आई, तूच काहीतरी दाबत असशील. आणि आधी ते कापड काढ त्याच्यावरचं. किती वेळा सांगितलंय.” पलीकडे थोडा वेळ काहीच आलं नाही. कुठेतरी कुकरची शिट्टी ऐकू आली. मग ती म्हणाली, “बरं. काढते.”

त्या ‘बरं’ने मला पुढचे दोन महिने छळलं.

ते कापड म्हणजे तिने स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल. फिका पिवळा, कडेला टपोरे फुगे. आमच्याकडे टीव्हीवर, मिक्सरवर, फ्रीजच्या डोक्यावर आणि बाबांच्या ट्रान्झिस्टरवर असे रुमाल होते, त्यामुळे २०१३ साली घरात आलेल्या कॉम्प्युटरलाही तो मिळणं ओघानेच आलं. तो कॉम्प्युटर मी कॉलेजात असताना जोडून आणलेला. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत दोन शनिवार पायपीट करून एकेक वस्तू घेतली होती. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम आणि एक काळा पत्र्याचा कॅबिनेट. त्याच्यासोबत ‘फुकट’ आलेल्या एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, ‘४५० वॉट’ असा स्टिकर होता. अशा स्टिकरवर विश्वास ठेवू नये हे मला पुढे कळलं. तेव्हा मात्र मी तो सगळा संसार एसटीत मांडीवर घेऊन सांगलीला आणला होता, आणि बाबांनी त्याला हळदीकुंकू वाहून नारळ फोडला होता. नारळाचं पाणी कीबोर्डवर उडालं. स्पेसबार आठवडाभर चिकटत होता.

नोकरी लागल्यावर मी लॅपटॉपवाला झालो आणि तो कॉम्प्युटर आईचा झाला. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून ती निवृत्त झालेली. कोडी ती आधीपासून रचायची, पण कागदावर, पट्टीने रेघा मारून. मराठी कोड्याची गंमत अशी की एका चौकटीत एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-जोडाक्षरासकट. कोल्हापूर म्हणजे चार चौकटी: को, ल्हा, पू, र. कागदावर एक शब्द खोडला की शेजारचे चार खोडावे लागायचे आणि कागदाला भोक पडायचं. एक्सेलमध्ये खोडायला काही लागत नाही म्हटल्यावर ती हरखली होती. मी तिला मराठी टायपिंग शिकवलं एका दिवाळीच्या सुटीत. पुढच्या दिवाळीला ती माझ्यापेक्षा वेगाने टाइप करत होती.

तर त्या फोननंतरच्या शनिवारी मी सांगलीला गेलो, सोबत स्क्रूड्रायव्हर आणि थर्मल पेस्टची, म्हणजे प्रोसेसरची उष्णता वाहून न्यायला लावतात त्या मलमाची, ट्यूब घेऊन. माझं निदान पक्कं होतं: उष्णता. प्रोसेसर तापला की आधी तो आपला वेग कमी करतो, दम खातो; तरीही तापमान शंभर अंशांच्या पुढे चढत गेलं तर स्वतःला वाचवायला कुणाला न विचारता वीज तोडायला लावतो. वरचा जाळीचा भाग रुमालाने झाकलेला आणि शेजारी देवघर. दहा वर्षांच्या उदबत्तीचा धूर धुळीत मिसळला की तिचा काळा लोण्यासारखा थर होतो. कॅबिनेटचं झाकण काढलं तेव्हा आतून चंदन, जुनं तेल आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा मिळून असा वास आला की क्षणभर मला आजोळच्या माजघरात गेल्यासारखं वाटलं. पंख्याच्या पात्यांवर करडी लोकर चढली होती. प्रोसेसरवरचा हीटसिंक, उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा, उपसून काढला तर खालची पेस्ट पानाच्या डब्यातल्या वाळलेल्या चुन्यासारखी तडकलेली. कुठला कपॅसिटर फुगलाय का तेही बघितलं. २००० च्या दशकातल्या मदरबोर्डांवर ती साथच आली होती, डोकी फुगलेले, तपकिरी रस गळणारे कपॅसिटर. इथे सगळे सपाट, ठणठणीत. आई शेजारी मोड्यावर बसून बघत होती. रुमाल धुऊन, घडी घालून कपाटात गेला होता. त्याबद्दल ती बोलली नाही आणि मीही नाही.

पेस्ट बदलली, धूळ काढली, मग प्रोसेसरला मुद्दाम घाम फोडणारा एक प्रोग्रॅम सहा तास चालवला. तापमान बासष्टच्या वर गेलं नाही. रात्री झोपेपर्यंत चालू ठेवला, रविवारी दिवसभर चालू ठेवला. हूं की चूं नाही. “बघ,” मी म्हणालो, “कापड.” रविवारी रात्री विजयी मुद्रेने बसमध्ये बसलो.

सोमवारी सकाळी पावणेबाराला फोन. “गेला की रे.”

या वेळी मी लांबूनच, एनीडेस्कवरून त्याच्या आत शिरलो. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची रोजनिशी असते. यंत्रात जे जे घडतं ते तिथे तारीखवार लिहिलेलं. लाल खुणा ओळीने दिसल्या: ‘कर्नल-पॉवर, ४१’. त्याचा मजकूर एवढाच की व्यवस्थित बंद न होता यंत्र पुन्हा सुरू झालं आहे. सोबत ६००८ क्रमांकाची दुसरी नोंद, आधीचं बंद होणं अनपेक्षित होतं म्हणून. निळी स्क्रीन येऊन कोसळला असता तर त्या ४१ मध्ये बिघाडाचा काहीतरी सांकेतिक आकडा असता. इथे त्या जागी शून्य. म्हणजे सॉफ्टवेअरने काही बिघडवलेलं नाही, पायाखालची वीजच गेली. आणि या नोंदीतली मला नेहमी विचित्र वाटणारी गोष्ट म्हणजे ती बंद पडताना लिहिलीच जात नाही, लिहायला वेळच नसतो. जागं झाल्यावर यंत्र बघतं की गेल्या खेपेला आपण निरोप घेतलेला नाही, आणि मग मागल्या तारखेने कबुली लिहून टाकतं. केव्हा ते सांगतं. का ते त्याला माहीत नसतं.

म्हणून मी आईला म्हणालो, तूही लिहून ठेव. बंद पडला की वेळ लिही. बाकी काही नको, फक्त वेळ.

तिने त्यासाठी गणिताची चौकटीची वही घेतली. दुसऱ्या दिवशी तिने व्हॉट्सअ‍ॅपवर पहिल्या पानाचा फोटो पाठवला आणि मी कपाळाला हात लावला. सुवाच्य, टपोऱ्या अक्षरात, समास सोडून: सकाळी ११.४०. बाई भांडी घासून गेल्या. मी कोडे क्र. ३ ला बसले. २२ उभा लिहिताना गेला. जाण्यापूर्वी ‘टक्’ असा आवाज. मी फोन करून म्हटलं, आई, बाई भांडी घासून गेल्या ते कशाला? ती म्हणाली, “नुसती वेळ कशी लिहायची? संदर्भ नको?” तीन दशकं मुलांना ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’ म्हणून दरडावलेली बाई ती. मी नाद सोडला. रोज तिने फोटो पाठवावा आणि मी त्यातली वेळ तेवढी उचलून माझ्या तक्त्यात टाकावी, असं चाललं. वेळांत काही नियम दिसेना. ११.४०, १२.१०, ४.२०, एकदा रात्री ९. आणि तो ‘टक्’ मात्र मी उचलला. टक् म्हणजे हार्डडिस्क. मरायला टेकलेली हार्डडिस्क अशीच टकटक करते. मी घाईघाईने तिची सगळी कोडी, फोटो, बाबांच्या पेन्शनचे कागद लांबूनच ऑनलाइन चढवून ठेवले आणि हार्डडिस्कच्या जागी बसवायला नवी एसएसडी मागवली.

पुढच्या भेटीत मी एसएसडी बसवली आणि नवा एसएमपीएसही, चांगल्या कंपनीचा, अडीच हजारांचा. जुना काढून त्याच्या चोवीस पिनांच्या जुडग्यातली हिरवी वायर आणि काळी वायर यांच्यात यू-पिन खुपसली. मदरबोर्डशिवाय एसएमपीएस जागा करायची ही जुनी युक्ती. पंखा फिरला. मल्टिमीटर लावला: बारा व्होल्टच्या जागी १२.०८, पाचच्या जागी ५.०३. पाच टक्के इकडे-तिकडे चालतात, हा तर जवळजवळ काटेकोर. म्हणजे ज्या फुकट्यावर मी दहा वर्षं संशय घेत होतो तो प्रामाणिक निघाला. तरी मी तो बदललाच. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या पिवळ्या पिना खोडरबराने घासल्या. हा उपाय जगात इतरत्र करतात का ठाऊक नाही, आपल्याकडे तो तुळशीच्या काढ्यासारखा आहे, गुण आला तर आला. दोन्ही दिवस यंत्र एकदाही बंद पडलं नाही. आईने वहीत लिहिलं, ते मी तेव्हा वाचलं नाही.

मी निघालो, तिसऱ्या दिवशी तो गेला.

आता मला राग यायला लागला होता, आणि राग यंत्रावर फार काळ टिकत नाही, माणूस शोधतो. मी असताना हे व्हायचं नाही आणि नसताना व्हायचं, याचा अर्थ उघड होता. पुन्हा तसं बोललो नाही एवढंच, पण “तू उठताना पायाने वायरला धक्का लागतो का?”, “बटणावर पुस्तक ठेवतेस का?”, “बंद करताना स्टार्टमधूनच करतेस ना?” असे प्रश्न मी विचारत राहिलो, सरकारी वकिलासारखे. ती प्रत्येकाचं उत्तर द्यायची. “नाही रे. नाही लागत.” शेवटी तिने आपणहून तो शेजारच्या मुलाकरवी जवळच्या दुकानात पाठवला. दुकानदाराने दोन दिवस ठेवून घेतला, चालू-बंद करून बघितला, तिथे तो गुणी बाळासारखा चालला. मग त्याने जे दुकानदार करतात ते केलं, फॉरमॅट मारला, पाचशे रुपये घेतले आणि ‘पुन्हा झालं तर मदरबोर्ड’ असं भविष्य सांगितलं. घरी आल्यावर दुपारी तो गेला. आईची मराठी टायपिंगची बटणं फॉरमॅटमध्ये उडाली होती, ती मला परत बसवून द्यावी लागली.

दुकानात फक्त सीपीयूचा डबा जातो, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं नाही. बाकी सगळं घरीच राहतं.

मला या काळात बाबांची फार आठवण यायची. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. विजेचं काम त्यांचं नव्हतं, पण घरात फ्यूज उडाला की स्टुलावर तेच चढायचे. २००५ नंतरची ती वर्षं, महावितरण नवंनवं झालेलं, भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि आम्ही ते फ्रीजवर चिकटवायचो. बारावीचं माझं अर्धं रसायनशास्त्र इमर्जन्सी लॅम्पच्या निळसर उजेडात झालं. वीज आल्यावर सगळं एकदम सुरू व्हायचं आणि चिनी मातीच्या किटकॅटमधली तार वितळायची. बाबा अंधारातच तारेचा गुंडा काढायचे, पण तार घालण्याआधी आतल्या खोलीकडे तोंड करून एक प्रश्न मोठ्याने विचारायचे: “कोणी काय लावलं होतं?” आई स्वयंपाकघरातून सांगायची, मिक्सर. मी सांगायचो, पंखा आणि दिवा. आजी सांगायची, मी काही लावलं नाही, मी जप करत होते. बाबा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, जपाचंही, आणि मग तार घालायचे. लहानपणी मला वाटायचं ते आम्हाला रागावतायत. आवाजच तसा होता त्यांचा. पण त्या प्रश्नात ‘कोणी काय केलं’ असं कधी नव्हतं. घरातली कुठली कुठली वस्तू त्या क्षणी जागी होती, याची ती नुसती मोजदाद होती.

मी तिसऱ्यांदा गेलो तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी. या वेळी सोबत काही घेतलं नव्हतं; नवा कॉम्प्युटरच घ्यायचा असं ठरवून टाकलं होतं, तसं सांगायचंच होतं. दुपारी जेवण झाल्यावर हॉलमध्ये चटईवर आडवा झालो. कडाकण्यांचा वास, बाहेर झेंडूच्या राशी, पंख्याचा कुरकुर आवाज. उशाशी ती चौकटीची वही होती. झोप येईना म्हणून पहिल्या पानापासून वाचायला घेतली. फोटोत नव्हे, वही हातात धरून, ओळ न गाळता.

११.४०, बाई भांडी घासून गेल्या. १२.१०, चादरी धुतल्या, ऊन छान पडले आहे. ९ तारीख: पाणी आले नाही, कुठे पाइप फुटला म्हणतात. खालची टाकीही कोरडी. दिवसभर चालला. कोडे क्र. ४ पूर्ण. १० तारीख: पाणी नाही. चालला. ११ तारीख: दुपारी पाणी आले. ४.२० ला गेला. रात्री ९: पाहुणे जेवून गेले, भांडी मीच घासली. गेला. आणि मध्येच, वेगळ्या शाईत: शनिवार-रविवार, चिरंजीव आले होते. गेला नाही.

मी उठून बसलो. महिनाभर मी त्या वहीतलं फक्त उभं वाचत होतो, वेळांचा एक स्तंभ. आडवं वाचलंच नव्हतं. भांडी, चादरी, पाहुणे. आणि पाणी नसलेले दोन दिवस.

पाणी.

आमच्या घरी जमिनीखाली एक टाकी आणि गच्चीवर एक टाकी आहे. बाबा होते तोवर मोटर लावायची, टाकी भरेस्तोवर अंगणात घुटमळायचं आणि वरून पाण्याची धार लागायच्या आत धावत जाऊन बंद करायची, हे त्यांचं काम होतं. ते गेल्यावर आई गुडघे दुखत असताना जिना चढून टाकीत डोकावायची. म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच तिला ऑटोमॅटिक बसवून दिलं. वरची टाकी उतरली की मोटर आपोआप सुरू होते, भरली की आपोआप बंद होते, खाली पाणी नसेल तर सुरूच होत नाही. वायरमनने विचारलं होतं, मोटरला मेनपासून वेगळी लाइन ओढू का, भिंत थोडी फोडावी लागेल. मला रात्रीची बस होती. मी म्हटलं, हॉलच्या बोर्डावरून घ्या की, जवळ आहे. तो म्हणाला, तुमची मर्जी. आईला मी तेव्हा म्हणालो होतो, आता तुला काही बघायला नको.

“आई,” मी आत जाऊन विचारलं, “मी आलो की मोटर कशी लागत नाही?”

ती कडाकण्या डब्यात रचत होती. “लागते की. पण मी ते ऑटोमॅटिक बंद करून ठेवते तू असलास की. तुझ्या खोलीच्या भिंतीलाच आहे ती, रात्री-अपरात्री घुंई करून सुरू होते. पहाटे हाताने भरून घेते एकदा, मग दिवसभर बघायला नको.” आणि मग, काहीशी घाबरून, “का? त्याने काही बिघडतं का?”

मी तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं, एक कोडं उघडायला लावलं आणि मागच्या अंगणात जाऊन मोटरचं बटण दाबलं. मोटर घुंई करून उठली. धावत हॉलमध्ये आलो तर स्क्रीन काळी होती. आई दोन्ही हात वर करून बसली होती, पोलिसांनी पिस्तूल रोखल्यासारखी. “आत्ता मी काही केलं नाही हं,” ती म्हणाली. “टक् झालं फक्त. तिथून.” तिने बोट दाखवलं ते टेबलाखाली, कोपऱ्यात, जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यामागे. यूपीएसकडे.

तो बिचारा इतकी वर्षं तिथे होता की मी त्याला फर्निचर समजत होतो. लाइट गेली की वाचवणारा तो, त्याच्यावर संशय कोण घेणार? पण लाइट गेल्यावरच नव्हे, व्होल्टेज पुरेसं खाली आलं तरीही हा डबा आतला रिले टक्‌कन पाडून बॅटरीवर जातो. अर्ध्या एचपीची मोटर चालताना तीन-साडेतीन अँपिअर घेते, पण जागेवरून उठताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट ओढते. ते सगळं ओढणं हॉलच्याच बारीक, जुन्या वायरीतून. पुढे वायरमनने बोर्ड उघडला तेव्हा न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन काळा पडलेला निघाला. एवढ्या अडचणीतून मोटर उठली की हॉलमधलं व्होल्टेज पापणी लवेपर्यंत कोसळायचं, यूपीएस बॅटरीवर जायचा, आणि बॅटरी मेलेली. लगेच व्होल्टेज सावरलं की तो पुन्हा लाइटवर यायचा, हिरवा दिवा जसाच्या तसा. पण एसएमपीएसच्या पोटातला साठा सोळा-सतरा मिलिसेकंदांचा. तेवढ्यात कॉम्प्युटर गेलेला असायचा. बॅटरी चार वर्षांची होती. म्हणजे ऑटोमॅटिक बसल्यापासून जवळजवळ दोन वर्षं ती रोज दोनतीनदा हा धक्का कुणाला न कळता झेलत होती, आणि जमेनासं झालं तेव्हा आम्हाला ती आहे हे कळलं.

यूपीएस उघडला तर बॅटरी इतकी फुगलेली की खाचेतून निघेना. मीटर लावला, १२.९ व्होल्ट. दिसायला धडधाकट. मग बाबांच्या खोक्यातला स्कूटरचा एक जुना बल्ब तिला जोडला. तो लालसर झाला, आणि मीटरचा आकडा सात, सहा, पाच असा उतरत गेला. आई शेजारी उभी राहून बघत होती. “बाई गं,” ती म्हणाली. कुणाच्या दुखण्याचा अहवाल आल्यावर म्हणते तसं.

दसऱ्याच्या दिवशी दुकानं उघडी असतात हे बरं. बारा व्होल्ट, सात एएचची नवी बॅटरी आणली, तिला हळदीकुंकू झालं, आपट्याचं पान ठेवलं. वायरमन दोन दिवसांनी आला, या वेळी भिंत फोडू दिली, मोटरला मेनपासून जाड वायरची वेगळी लाइन आली. मी रजा वाढवून थांबलो होतो. तो गुडघ्यावर बसून काम करत असताना मी सहज कॅबिनेटच्या पत्र्यावर हात ठेवला आणि बोटांना मुंग्या आल्या. त्या मुंग्या मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होत्या, कॉम्प्युटरच्या ‘बॉडीला करंट येतो’ हे आमच्या घरात पावसाळ्यासारखं गृहीत होतं. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात, ते विजेतली खरखर अर्थिंगमध्ये सोडतात. अर्थिंगच नसेल तर पत्रा निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. वायरमनने बोर्ड उलटा करून दाखवला. तिसऱ्या, मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. घर बांधल्यापासून. त्याने तीही जोडली. आई म्हणाली, “म्हणजे मी रोज पुसायचे तेव्हा जे व्हायचं ते होणार नाही आता?” मी म्हटलं, तू कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, “मला वाटलं माझ्याच हाताला होतंय.”

हिशेब केला तर थर्मल पेस्ट, एसएसडी, एसएमपीएस, दुकानदाराचे पाचशे आणि बसची सगळी तिकिटं मिळून साडेसात हजारांच्या वर गेले होते. बॅटरी हजाराच्या आत आली. दोष सापडल्याचा आनंद मला झाला नाही असं नाही. झाला, अगदी मिरवण्याइतका. ऑफिसात दोघांना रंगवून सांगितलं, हॉलचा बोर्ड मात्र वायरमनच्या माथी मारून. संध्याकाळी मग ते आठवून कानशिलं तापली. आईला मी काय म्हणालो? “बॅटरी गेली होती,” असं म्हणालो. आमच्यात यापुढे जायची रीत नाही. तिने विचारलं, “मग रुमाल घालू का आता?” मी म्हटलं, घाल, फक्त मागचा पंखा उघडा ठेव. तिने तो कपाटातून काढला, इस्त्री केली आणि घातला, पुढच्या कडेचे फुगे एका रेषेत येतील असा. ऑटोमॅटिकही आता चालूच असू दे, मला मोटरचा त्रास होत नाही, असं मी तिला बजावलं. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मागच्या दाराची कडी वाजली, तिच्या सपाता अंगणात फटफटल्या आणि मोटर सुरू झाली. मी डोळे मिटून पडून राहिलो. हॉलमध्ये कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवला होता. त्याचा पंखा तसाच घोंगावत होता.

दिवाळी अंकाची प्रत तिने टपालाने पाठवली. फोनवर सांगता आलं असतं, पण ती अंक पाठवतेच. शेवटून दुसऱ्या पानावर तिचं कोडं, कडेला तिचं नाव बारीक टाइपात. मी चहा घेता घेता चाळत होतो. सतरा आडवा नक्की होता तरी काय, ज्याच्यासाठी ती त्या मंगळवारी एवढी हळहळली, हे बघायला आधी तिथे गेलो. पण हे कोडं दुसरंच होतं, फॉरमॅटनंतर नव्याने रचलेलं. सतरा आडव्याची सूचना अशी: ‘न विचारता निदान करणारा, तरी उदंड आयुष्य लाभो’. चार चौकटी. मी पेन शोधायला उठलो.